वारं गेलं म्हणू नका

मेलेला माणूस जिवंत करणारा स्पीडब्रेकर आमच्या कोल्हापुरात आहे. थट्टा करत नाही. डिसेंबर २०२४ ची गोष्ट. एका म्हाताऱ्याला हार्टअटॅक आला. दवाखान्यानं गेला म्हणून सांगितलं. घरात रडारड झाली, मातीची तयारी सुरू झाली. ॲम्ब्युलन्समधनं घरी आणताना गाडी स्पीडब्रेकरवर उडाली आणि जवळच्यांना त्याची बोटं हलताना दिसली. गाडी वळवली, दुसऱ्या दवाखान्यात नेलं. पंधराएक दिवसांनी म्हातारा आपल्या पायांनी घरी आला. पेपरवाल्यांनी चमत्कार छापला. लोक हसले, हात जोडले, विसरले.

म्हातारा जगला, बरं झालं. शंभरी गाठो. पण दोस्तांनो, हसून झालं असेल तर जरा थांबा. एकाचे अवयव काढून दुसऱ्याला बसवायचे असले तर या देशात १९९४ चा कायदा आहे. मेंदू खरोखर मेला का, हे ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी लागते. एरवी कोण किती बघतो ते त्या स्पीडब्रेकरला विचारा.

माझ्या बाच्या वाटेतसुद्धा स्पीडब्रेकर होते. पुष्कळ होते. पण त्यांनी मेलेला उठवला नाही, चालता माणूस अर्धा मारला.

बा मार्केट यार्डात हमाल. गुळाचे रवे उचलण्यात तीस वर्षं गेली. मी मुंबईला गोदीत, कंत्राटावर. जहाजावरच्या कंटेनरच्या सळया आवळायच्या नि सोडायच्या, वर क्रेन झुलत असताना. दहावी पास होऊन हमालाचा पोरगा हमालच झाला. बाच्या पाठीवर गूळ होता, माझ्या डोक्यावर लोखंड आहे, एवढीच आमच्या पिढीची प्रगती.

त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला बाच्या उजव्या हातातनं रवा निसटला. सहा चाळीस मी अंदाजानं लिहीत नाही. त्याच वेळी गाडीचं वजन झालं होतं, पावतीवर वेळ आहे. ती पावती माझ्याकडं आहे. बाचं तोंड वाकडं झालं, बोलायला गेला तर शब्दांचा लगदा बाहेर पडला. सोबत्यांनी त्याला पोत्यावर बसवला. एक म्हणाला, "वारं गेलं रं म्हाताऱ्यावरनं." झालं. तिथंच निकाल लागला. वारं गेलं म्हटल्यावर वाऱ्याला कोण विचारणार, कुणाकडनं आलास नि कुणाला मारून चाललास?

घरी आणला. तेल गरम केलं, उजवी बाजू चोळली. कुणीतरी कबुतराचं रक्त आणायला धावला. कुणी सांगितलं, अमक्या गावात एक जण लकव्याचं औषध देतो, बुधवारी आणि रविवारीच. तो वार गुरुवार होता. आईनं चमच्यानं चहा पाजला, तो घशात अडकला, बा काळानिळा होईस्तोवर खोकला. आठ पन्नासला रिक्षा आली. आधी गल्लीतला डॉक्टर. त्यानं सलाईन लावलं, बीपीचं इंजेक्शन टोचलं, आणि नऊ चाळीसला सांगितलं मोठ्या दवाखान्यात न्या. दहाला मोठ्या दवाखान्यात. त्याचं नाव लिहीत नाही. तिथं काउंटर. वीस हजार भरा. नाहीतर योजनेचं कार्ड दाखवा. रेशनकार्डावर बाचं नाव एक, आधारवर दुसरं. बारशाला बामण नव्हता साहेब, शाळामास्तरानं कानाला लागेल ते लिहिलं. काउंटरवरच्या पोरानं आडनाव दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा जरा ओळखून. बा स्ट्रेचरवर, तोंडातनं लाळ. साडेअकराला मावशीनं गळ्यातलं गहाण टाकून पैसे आणले. मग कळलं, इथलं सीटी मशीन बंद आहे, बाहेरनं काढून आणा. बारा वीसला बाच्या डोक्याचा फोटो निघाला.

मी महालक्ष्मीनं दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. डॉक्टर वाईट नव्हता. तरुण होता, डोळे लाल, रात्रभर उभा असणार. फोटो उजेडाला धरून म्हणाला, "गुठळी आहे. डावी बाजू. इंजेक्शन देता आलं असतं. तुम्ही उशीर केलात."

तुम्ही उशीर केलात.

हे वाक्य मी तेव्हापासून चावतोय. थुंकताही येत नाही, गिळताही येत नाही. म्हणून हे लिहिणं. कोण उशीर केला, किती केला, हिशोब मांडू. हमालाच्या पोराला वजन करायला येतं.

आधी हे समजून घ्या की वारंबिरं काही नसतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकते, नाहीतर नळी फुटते. बहुतेक वेळा गुठळीच. गुठळीच्या पुढं रक्त नाही, म्हणजे पेशींना हवा नाही. अशा मोठ्या झटक्यात दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब २००६ साली एका अमेरिकन डॉक्टरनं मांडला. डावी बाजू मेली की उजवं अंग जातं, आणि बहुतेकांची वाचाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. १९९५ साली ते सिद्ध झालं, तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ साली साडेचार तासांपर्यंत फायदा होतो हे दिसलं. २०१५ नंतर मांडीतनं तार घालून मोठी गुठळी ओढून काढायची सोय पक्की झाली, आणि निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत चालते, हे २०१८ साली कळलं. पण इंजेक्शन देण्याआधी सीटी हवाच. नळी फुटली असेल आणि हे इंजेक्शन दिलं तर माणूस मारला. म्हणून मशीन बंद म्हणजे इंजेक्शन बंद.

हे अमृत नव्हे, तेही सांगतो. इंजेक्शन मिळालेले सगळे उठून चालत नाहीत. १९९५ च्या त्या चाचणीत शंभरातल्या सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पण जवळजवळ निरोगी होऊन घरी जाणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शन मिळालेल्यांत चांगलंच जास्त होतं. म्हणजे डाव आहे. पैसेवाल्याला तो खेळायला मिळतो. आमच्या हातात पानंच येत नाहीत.

आता बाचा हिशोब. सहा चाळीस ते बारा वीस, तीनशे चाळीस मिनिटं. एकोणीस लाखांनी गुणा. चौसष्ट कोटी. त्यातली पहिली एकशे तीस मिनिटं आमची. तेल, कबुतर, चहा, बुधवार-रविवार. ती मी नाकारत नाही. आमच्या माणसांवर प्रेम आहे म्हणून त्यांच्या अडाणीपणाचा पोवाडा गाणार नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून कबुतराची मान मुरगळणारे आम्ही. चमच्यातल्या त्या चहानं बाच्या फुप्फुसात घर केलं, चौथ्या दिवशी न्यूमोनिया झाला. अर्धांगाच्या माणसाला गिळता येतं का, हे तपासल्याशिवाय तोंडात थेंब घालायचा नाही, एवढं साधं कुणी आईला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा नाही.

पण उरलेली दोनशे दहा? गल्लीतल्या डॉक्टरची पन्नास. रस्त्याची वीस. काउंटरची नव्वद. बंद मशीनची पन्नास. नुसत्या काउंटरवर सतरा कोटी पेशी मेल्या. यार्डातनं सरळ चालू मशीनवर नेला असता तर पाऊण तासात फोटो निघाला असता. म्हणजे डॉक्टरसाहेब, उशीर आम्ही केला हे खरं, पण तुमच्या दारात आल्यावर जो झाला तो कुणाच्या खात्यावर लिहायचा? आणि ज्या योजनेचं कार्ड आमच्याकडं मागितलं, त्याच योजनेत तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी घेऊन दाखल करून घ्यायची सोय आहे, कागद मागाहून द्यायचे. काउंटरवरच्या पोराला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून त्यानं सांगितलं नाही? दोन्हींत मेला माझाच बा.

काउंटर ही नवी गोष्ट नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. साल १९२९. बाळंतीण बायको आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मिनतवारीनं आला तो वस्तीच्या कडेपर्यंत. थर्मामीटर त्यानं मुसलमानाच्या हातात दिला, मुसलमानानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परतही त्याच वाटेनं. न्यूमोनिया आहे म्हणाला, पुन्हा आला नाही. बाई मेली. आता थर्मामीटर तसा फिरत नाही. आता फाईल फिरते. गेटवरनं काउंटरवर, काउंटरवरनं आरोग्यमित्राकडं, तिथनं झेरॉक्सच्या दुकानात. माणूस मात्र तिथंच, वस्तीच्या कडेला पडलेला.

आणि हे सगळं कुठं? शाहू महाराजांच्या कोल्हापुरात. १९१९ साली महाराजांनी हुकूम काढला. अस्पृश्य रुग्णाला सरकारी दवाखान्यात इतरांसारखीच मायेनं नि आदरानं वागणूक द्यायची, मिरजेच्या अमेरिकन मिशनचा दाखला समोर ठेवायचा, आणि ज्या डॉक्टरला हे पटत नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यायचा. पेन्शन मिळणार नाही. बघा, त्या माणसानं नुसतं प्रेमानं वागा असा उपदेश केला नाही. मुदत घातली आणि पोटावर पाय ठेवला. आज महाराजांचं नाव मेडिकल कॉलेजवर आहे, चौकाचौकांत आहे, प्रत्येक पुढाऱ्याच्या ओठांवर आहे. मुदत तेवढी कुठल्या हुकमात दिसत नाही.

कायदा नाही असंही नाही. १९९२ साली बंगालात एक शेतमजूर रेल्वेतनं पडला. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवला. शेवटी खाजगीत पैसे भरून जगला. त्याच्या युनियननं, पश्चिम बंग खेत मजदूर समितीनं, खटला सुप्रीम कोर्टात नेला. १९९६ साली कोर्टानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क मोडणं, पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. भरपाई पंचवीस हजार. घटना कुणी लिहिली हे या पानांवर सांगायला नको. पण ते २१ वं कलम आपण कधी दवाखान्याच्या काउंटरवर आपटलंय? पुतळ्याला हार घालताना आठवतं, स्ट्रेचर ढकलताना आठवत नाही.

स्ट्रेचरवरनं आठवलं. त्या वॉर्डात मी अकरा रात्री काढल्या. पलंगाखाली झोपलो. पलंगावर आमचीच माणसं, पलंगाखाली झाडू मारणारी आमचीच, लघवीची पिशवी बदलणारा कंत्राटी वॉर्डबॉय आमचाच, मढं न्यायला येणारा आमचा. टेबलाच्या पलीकडं मात्र आडनावं बदलायची. हा योगायोग आहे म्हणणाऱ्यानं एक रात्र पलंगाखाली झोपून बघावी.

आता शहाणे म्हणतील, गरीब देश आहे, मेंदूचे डॉक्टर कमी, चंदगड-गगनबावड्याच्या डोंगरात कुठनं आणायचे? शहाण्यांनो, हिमाचलचे डोंगर आमच्या डोंगरांपेक्षा बुटके आहेत का? तिथं २०१४ पासून सरकारनं काय केलं ते ऐका. ज्या सरकारी दवाखान्यात सीटी मशीन आहे तिथल्या साध्या डॉक्टरला शिकवलं. गुठळीचं इंजेक्शन सरकारनं फुकट ठेवलं. झटका आलेला रुग्ण आला की सीटीचा फोटो मोबाईलवर शिमल्याच्या नाहीतर टांड्याच्या मेंदूतज्ज्ञाला पाठवायचा, तो फोनवर सांगतो, द्या किंवा देऊ नका. बस. मेंदूचा एकही डॉक्टर नसलेल्या दवाखान्यांत अशी इंजेक्शनं दिली गेली. लागलं काय? एक मशीन, एक औषध, एक मोबाईल आणि ठरवलेलं मन. पहिल्या तीन गोष्टी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही लग्नाच्या खर्चात बसतात म्हणणार होतो, पण मशीन महाग आहे, तेवढं मान्य करतो. तरी आमच्या एखाद्या साखरसम्राटाच्या पोराचं लग्न काढलं तर तेही बसेल.

सरकारच्या मनात आलं की जमतं, याचा पुरावा पुण्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला भागात माणसं पायांपासून लुळी पडायला लागली. गिलन-बॅरे. पोटात जंतू जातो, त्याच्याशी लढताना शरीर आपल्याच नसांवर उलटतं. पुण्यात अनेक रुग्णांत तो कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, आणि बोट पाण्याकडं गेलं. रोगी दोनशेच्या वर गेले. आमच्या जिल्ह्यातही काही निघाले. या रोगात पाय जातात, हात जातात, आणि चार-पाचातल्या एकाच्या श्वासाचे स्नायूही जातात. मग मशीनवर ठेवायचं, कधी आठवडे, कधी महिने. गंमत अशी की मशीन चालू राहिलं, माणूस नीट सांभाळला, तर बहुसंख्य वाचतात आणि पुष्कळसे पुन्हा चालतात. म्हणजे हा रोग तुम्हाला मारत नाही, मशीनचं भाडं थकलं की तुम्ही मरता. औषध म्हणजे दात्यांच्या रक्तातनं काढलेली प्रथिनं, वजनाच्या हिशोबानं पाच दिवस द्यायची, बिल लाखांत. पुण्यात ओरड झाली, पेपर पेटले, आणि सरकारनं उपचार फुकट जाहीर केले. पाण्याचे नमुने तपासले, घरोघर माणसं पाठवली. चांगलं केलं. पण कबूल करा की जमतं. पुण्याचा नळ बिघडला तर जमतं. यार्डातल्या हमालाची नळी तुंबली तर शास्त्र, बजेट आणि मनुष्यबळ आडवं येतं.

स्वस्त वाटही शोधली तर सापडते. ढाक्याच्या डॉक्टरांनी २०१८ साली वीस गिलन-बॅरे रुग्णांवरची हकिकत छापली. महागडं मशीन नाही. पिशवीत थोडं थोडं रक्त काढायचं, टांगून ठेवायचं, तांबड्या पेशी तळाला बसल्या की वरचं पाणी टाकून द्यायचं आणि पेशी परत अंगात सोडायच्या. पुन्हा पुन्हा, आठ दिवस. त्यांनी खर्च धरला सुमारे पाचशे डॉलर. त्या महागड्या औषधाला बारा ते सोळा हजार डॉलर लागतात. वीस जणांवरचा हा प्रयोग, अजून मोठी परीक्षा व्हायची आहे. पण गरीब देशातल्या डॉक्टरनं आपल्या रुग्णाच्या खिशाकडं बघून डोकं चालवलं, हे बघा. आमचे कित्येक डॉक्टर रुग्णाच्या खिशाकडं बघतात, ते वेगळ्या कारणासाठी.

गोदीतलं एक सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या पाळीतला एक गडी कंटेनरच्या थरावरनं घसरला. बिहारचा, वय बावीस. डोकं आपटलं, पण शुद्धीवर होता, हसतसुद्धा होता. कंत्राटदारानं सरकारी दवाखान्यात जाऊ दिलं नाही, तिथं पोलिसांत नोंद होते ना. ओळखीच्या नर्सिंग होममध्ये नेऊन टाके घातले, खोलीवर पाठवला. रात्री ओकला, झोपला, उठलाच नाही. डोक्याच्या माराला ट्रानेक्झामिक ॲसिड नावाचं स्वस्त औषध आहे, जपानच्या उताको ओकामोतो नावाच्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं साठच्या आसपास शोधलेलं. १२ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत २०१९ साली दिसलं की सौम्य-मध्यम मार असेल आणि तीन तासांच्या आत दिलं तर मरण काही अंशी टळतं. तीन तास. त्याच्या टाक्यांना आणि कंत्राटदाराच्या फोनाफोनीला चार गेले. औषधानं तो वाचलाच असता असं म्हणत नाही. त्याच्या डोक्याचा फोटोच कुणी काढला नाही, एवढं म्हणतो.

बा वाचला. वाचला म्हणजे काय, तेही बोललं पाहिजे, कारण दवाखान्याच्या वहीत 'सुधारणा होऊन घरी' असं लिहिलंय. उजवा हात छातीशी दुमडलेला. पाय फरफटत. तीस वर्षं मार्केट यार्डात ज्याची हाळी घुमली, त्याच्याकडं आता दोन शब्द आहेत. एक 'हा', दुसरा आईची शिवी. सगळं त्या दोनांत. भूक लागली, हा. लघवी झाली, शिवी. आई त्याला उचलते, वळवते, पुसते. तिची कंबर गेली. ती कुठल्याच वहीत नाही.

आमच्या बिंदू चौकात १९५० पासून दोन पुतळे आहेत, बाबासाहेब आणि जोतिबा. बाबासाहेब हयात असताना उभारलेले. त्यातल्या जोतिबाला १८८८ साली हेच झालं होतं. अर्धांगवायू. उजवा हात गेला. तेव्हा इंजेक्शन नव्हतं, सीटी नव्हता. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी जिवापाड उपचार केले, सावित्रीबाई उशाशी होत्या, पैशाची ओढाताण झाली तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द गेला. आणि जोतिबांनी डाव्या हातानं लिहायला शिकून 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढलं. १८९० साली गेले, पुस्तक १८९१ ला आलं. मी बाच्या डाव्या हातात पेन्सिल दिली होती. त्यानं ती बिडीसारखी धरली. उजव्या हातानंही तो कधी लिहीत नव्हता, मी विसरलो होतो.

त्या जोतिबांचं नाव सरकारनं आपल्या योजनेला दिलंय. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावानं आली, २०१७ ला जोतिबांच्या. आता वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत संरक्षण म्हणतात. योजना टाकाऊ नाही, तिनं पुष्कळांची ऑपरेशनं झाली, खोटं कशाला बोलू. पण ती पलंगावर भरती असलेल्याची योजना आहे. घरी येऊन पडलेल्याची नाही. बाला रोज व्यायाम करून घेणारा हवा, बोलायला शिकवणारा हवा, सहा महिने, वर्षभर. तो आमच्या गल्लीत येत नाही आणि आला तर दिवसाच्या मजुरीएवढे घेतो. सरकारला वाटतं घरचे करतील. घरच्यांना शिकवून सोडलं तर भागतं का, याचीही परीक्षा झाली आहे, याच देशात. १४ दवाखाने, १२५० रुग्ण, निकाल २०१७ ला. काही फरक पडला नाही. म्हणजे माझ्या आईची कंबर मोडून बाचा हात सुटणार नाही, हे शास्त्रानंही सांगितलं. मग कुणाच्या भरवशावर सोडलंय?

आता आपल्याबद्दल. कोल्हापूरच्या शेंबड्या पोरालाही पंचगंगेची पातळी पाठ आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात तासातासाला आकडा येतो, मोबाईलवर फिरतो, फूट-इंचात. का? पूर बंगल्यातही शिरतो म्हणून. साडेचार तास हा आकडा किती जणांना पाठ आहे? आपल्या मंडळाच्या पोरांना मी विचारलं, एकालाही नाही. मलाही नव्हता. जयंतीच्या डॉल्बीला लाखभर गोळा करणारे आम्ही, वस्तीतल्या चाळिशीपुढच्या माणसांचं बीपी कधी मोजलं? बाचं कधीच मोजलं नव्हतं. बीपीची गोळी मिसळीच्या प्लेटीपेक्षा स्वस्त आहे.

म्हणून पहिलं काम आपलं. तोंड वाकडं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघायचं, वेळ कागदावर लिहायची, १०८ फिरवायचा, तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही आणि जिथं सीटी चालू आहे तिथंच न्यायचं. त्यासाठी कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, हे आधीच माहीत पाहिजे. कबुतरवाला दारात आला तर त्याला प्रेमानं परत पाठवा. प्रेमानं नाही गेला तर तुमची मर्जी.

दुसरं काम त्यांचं, पण करून घ्यायचं आपण. योजनेखालच्या प्रत्येक दवाखान्यानं, खाजगी असो की आमचा थोरला दवाखाना असो, दारात फळा लावायचा. या महिन्यात अर्धांगाचे किती आले. दारातनं मशीनपर्यंत किती मिनिटं लागली. किती जणांना इंजेक्शन दिलं. किती चालत गेले, किती उचलून नेले, किती मेले. गिलन-बॅरेचे किती, मशीनवर किती दिवस. बंधाऱ्याचा आकडा लिहिता येतो, तर हा का येत नाही? फळ्यावर शून्य असेल तर शून्य लिहा. आम्ही वाचू.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. हेच प्रश्न लिहून मी जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांकडं अर्ज टाकलेत. पोच घेतलीय. कायद्यानं तीस दिवस. आज अकरावा. जे येईल ते, आणि आलं नाही तर तेही, पुढच्या अंकात याच पानावर छापायला देतो. वजनकाट्याची ती पावतीही छापा म्हणून संपादकांना सांगितलंय, सहा चाळीसची.